सगळ्यांना एकच चॅनेल दिलं की झालं?

११ सप्टेंबर २००१ला सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोरा त्यानंतर २९ मिनिटं उभा होता. या वेळात, वर घिरट्या घालणाऱ्या पोलीस हेलिकॉप्टरमधून कंट्रोलला इशारा गेला होता की वरचे पंधराएक मजले लालभडक झाले आहेत आणि हाही मनोरा फार वेळ तग धरणार नाही. पण तो गेला पोलिसांच्या चॅनेलवर. आत जिन्यांमध्ये असलेल्या अग्निशामकांच्या वॉकीटॉकीवर तो ऐकू येण्याची सोयच नव्हती. शहर एक, महापौर एक, आणि बिनतारी यंत्रणा मात्र दोन. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

तेव्हापासून हा दाखला इतक्या वेळा दिला गेला, की त्यातून काही समज पक्के झाले. त्यातले बरेचसे अर्धवट आहेत.

गैरसमज : रेडिओ जुळत नव्हते, म्हणूनच माणसं गेली.

११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४मध्ये अहवाल दिला. रेडिओतला बिघाड हे एक कारण होतं, पण मुख्य नव्हे, असं तो नोंदवतो. दक्षिण मनोरा पडल्यावर मिनिटाभरात अग्निशमन अधिकाऱ्यांनी उत्तर मनोरा रिकामा करण्याचा आदेश दिला होता आणि आतल्या बहुतेक तुकड्यांपर्यंत तो पोहोचलाही होता. त्या आदेशात शेजारचा मनोरा पडल्याचा उल्लेख नव्हता. तो देणाऱ्यांपैकी अनेकांनाच ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे ऐकणाऱ्यांना घाईचं कारण कळलं नाही. कुणी जिन्यात दम खायला थांबलं, कुणी आपल्या तुकडीतल्या मागे राहिलेल्यांची वाट पाहिली, कुणी जखमींना सोडायला तयार नव्हतं. हेलिकॉप्टरमधलं ते वाक्य इथे उपयोगी पडलं असतं, हे खरंच. पण पोलिसांचा कमांड पोस्ट एका रस्त्यावर आणि अग्निशमन दलाचा दुसऱ्यावर होता. दोन्हीकडचे वरिष्ठ एका टेबलाशी उभे असते, तर तो निरोप रेडिओशिवायही पोहोचला असता.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९९३मध्ये याच इमारतीत बॉम्बस्फोट झाला, तेव्हाही वॉकीटॉकीचे संदेश वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचले नव्हते. म्हणून तिथे रिपीटर बसवला होता, म्हणजे क्षीण संदेश पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र. ११ सप्टेंबरला उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत अधिकाऱ्यांनी तो तपासला. तिथल्या हँडसेटसाठीचं एक बटण दाबलं गेलं नव्हतं, त्यामुळे आवाज आला नाही. रिपीटर बंद आहे असं समजून त्यांनी ते चॅनेल सोडून दिलं. दक्षिण मनोऱ्यातले अग्निशामक त्याच रिपीटरवर शेवटपर्यंत बोलत होते. सरावात एकदा जरी ते बटण हाताखालून गेलं असतं, तर उत्तर मनोऱ्यातही तो रिपीटर वापरता आला असता.

याच्या उलट उदाहरण त्याच दिवशीचं आहे. वॉशिंग्टनजवळच्या पेंटागॉनवर विमान आदळलं, तेव्हा व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने सूत्रं हाती घेतली आणि शेजारच्या फेअरफॅक्स आणि अलेक्झांड्रियाहून मदत आली. इथे तरी रेडिओ नीट चालले असतील असं वाटेल. नाही. चॅनेल पहिल्या टप्प्यातच तुंबली, आणि त्यातल्या त्यात भरवशाचा निघाला तो पेजर. तरीही पेंटागॉनची मोहीम एकंदरीत यशस्वी मानली जाते. आयोगाने त्याची कारणं दिली आहेत : आधीपासूनची ओळख आणि विश्वास, घटनास्थळी कोण प्रमुख हे ठरवणारी एकच आदेशपद्धत, आणि शेजारच्या काउंट्यांनी मिळून केलेली तयारी. वॉशिंग्टनच्या या परिसराने जानेवारी १९८२मध्ये मोठा धडा घेतला होता. एकाच दुपारी एअर फ्लोरिडाचं विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळलं आणि थोड्याच वेळात मेट्रोही रुळावरून घसरली. कोणाला कुठे पाठवायचं, हा गोंधळ सगळ्यांनी पाहिला होता.

गैरसमज : सगळ्यांना एकाच चॅनेलवर आणलं की प्रश्न सुटला.

वॉकीटॉकीच्या चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर एकाचा आवाज दुसऱ्याला गिळतो किंवा दोघांचीही खरखर होते. त्यावर पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि शेजारच्या तीन गावांची मदतपथकं चढवली, तर धुरात अडकलेल्या माणसाची हाक वर येणारच नाही. न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलाचं स्वतःचं कमांड चॅनेलच त्या दिवशी गर्दीने भरून गेलं होतं. म्हणून ज्याला ज्याच्याशी बोलण्याची गरज आहे, त्याला त्या वेळी बोलता यावं, एवढीच खरी अपेक्षा असते. बाकीच्यांनी आपापल्या चॅनेलवर राहावं. एखाद्या प्रमुखाला शेजारच्या दलातल्या प्रत्येक जवानाचं बोलणं ऐकायचं नसतं. त्याला हवा असतो त्या दलाचा प्रमुख.

दोन वेगळ्या यंत्रणा गेटवेने जोडता येतात. एका रेडिओचा आवाज दुसऱ्यावर उतरवायचा, इतकं ते साधं आहे. पण मग दोन्हीकडचं एकेक चॅनेल अडकून राहतं, आणि ज्या जागी दोन्ही यंत्रणांची रेंज नाही तिथे काहीच मिळत नाही. तात्पुरता तोडगा म्हणून तो चांगला, कायमचा म्हणून नाही.

गैरसमज : एकाच कंपनीचे, नवे, डिजिटल सेट घ्या.

अमेरिकेत १९८९पासून प्रोजेक्ट २५ नावाचं खुलं मानक तयार होत गेलं. हेतू हाच, की वेगवेगळ्या कंपन्यांचे डिजिटल रेडिओ एकमेकांशी बोलावेत. मानक चांगलं आहे, पण व्हीएचएफ लहरींच्या पट्ट्यातला प्रोजेक्ट २५ सेट आठशे मेगाहर्ट्‌झवाल्या सेटशी बोलत नाही. दोघांचे अँटेना आणि अंतर्गत मंडळं वेगळ्या लहरींसाठी बनलेली असतात. पट्टा जुळला, तरी शेजाऱ्याचं चॅनेल सेटमध्ये आधी प्रोग्रॅम करून ठेवावं लागतं, आणि ते काम कुणाच्या तरी टेबलावर लेखी करारासह पडून असतं. डिजिटल म्हणजे चांगलंच, हेही गृहीत धरू नये. न्यूयॉर्क अग्निशमन दलाने २००१च्या मार्चमध्ये नवे डिजिटल वॉकीटॉकी वापरायला काढले. आगीत अडकलेल्या एका जवानाची हाक कुणाला ऐकू आली नाही, आणि ते लगेच परत घ्यावे लागले. सप्टेंबरमध्ये त्यांच्या हातात जुनेच होते.

सेट सारखे असूनही काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडचं आहे. मँचेस्टर अरीनात २२ मे २०१७च्या रात्री स्फोट झाला आणि २२ जण मेले. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिघेही एअरवेव्ह या एकाच राष्ट्रीय डिजिटल यंत्रणेवर होते, आणि तिघांच्या कंट्रोल रूमसाठी राखीव समाईक चॅनेलही होतं. ते वापरलंच गेलं नाही. अग्निशमन दलाचा समन्वय अधिकारी पोलिसांच्या ड्युटी ऑफिसरला फोन लावत राहिला. तो अधिकारी इतक्या कॉलखाली दबला होता, की फोन मिळेना. बंदूकधारी असण्याची शक्यता धरून पोलिसांनी विशेष कारवाई जाहीर केली, पण ते इतर दोघांना सांगितलं गेलं नाही. अग्निशामक गाड्या अरीनापासून तीन मैलांवरच्या ठाण्यावर जमल्या, खरं तर मैलभरापेक्षा जवळ एक ठाणं होतं. गाड्या घटनास्थळी पोहोचल्या त्या दोन तासांहून जास्त वेळाने. तंत्रज्ञानाला इथे दोष देता येत नाही.

भाषेचा प्रश्न असतोच. अमेरिकी पोलिसांचे 'टेन' संकेतांक सगळीकडे सारखे नाहीत. न्यूयॉर्क पोलिसांत १०-१३ म्हणजे अधिकाऱ्याला तातडीची मदत हवी, आणि देशभर चाललेल्या जुन्या यादीत तोच आकडा हवामान आणि रस्त्याची स्थिती विचारण्यासाठी आहे. म्हणून २००६पासून संघराज्य सरकारने अनेक दलांच्या संयुक्त कामात साध्या भाषेचा आग्रह धरला. दलांतल्या जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. आपले आकडे अंगवळणी पडलेले, आणि बाहेरच्याला कळत नाहीत यातही थोडी शान असते.

गैरसमज : आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत, वॉकीटॉकी कशाला?

अमेरिकेने २०१२च्या कायद्याने फर्स्टनेट नावाची आपत्कालीन दलांची मोबाइल यंत्रणा उभी केली आणि तिला वीस मेगाहर्ट्‌झ लहरी आणि सात अब्ज डॉलर दिले. नकाशे, छायाचित्रं, व्हिडिओ यांसाठी ती उत्तम. पण टॉवर पडला किंवा तळघरात रेंज गेली की फोन निकामी होतो. पाच वॉटचा वॉकीटॉकी मात्र शेजारच्या वॉकीटॉकीशी टॉवरशिवाय थेट बोलतो. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०१८मध्ये आपत्तीकाळातल्या दलांसाठी अशाच मोबाइल यंत्रणेची शिफारस केली.

सध्या एक नवी अडचण वाढते आहे. अनेक पोलीस दलं आपलं बोलणं गुप्त ठेवण्यासाठी ते कूटबद्ध करू लागली आहेत. पूर्वी शेजारचं अग्निशमन दल स्कॅनरवर त्यांचं चॅनेल ऐकून गोळीबार कुठे चालला आहे ते ओळखायचं. आता ते उलगडणारी किल्ली नसलेल्या सेटवर तिथे अर्थ लागेल असं काहीच येत नाही. शेजाऱ्याला किल्ली द्यायची की नाही, कोणत्या चॅनेलची द्यायची, आणि ती बदलली की प्रत्येक सेटमध्ये पुन्हा कोण भरणार, हे दोन्ही दलांच्या प्रमुखांनी आपत्ती येण्याआधी बसून ठरवावं लागतं.