घरच्या लक्ष्मीलाही तपासणीचा हक्क आहे

“मी घर सोडून कुठे जात नाही, मला कसला एड्स?” असे म्हणणाऱ्या भगिनींनी पुण्यातला एक अभ्यास जाणून घ्यावा. १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी होता.

हे संशोधन १९९७ साली अमेरिकेत छापले गेले. पण पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या आपल्या भांडगावच्या घराघरांत ते पोचले का?

त्याचा बोध साधा आहे. गुप्तरोग अंगावर काढला, तर एचआयव्हीला वाट मिळते. म्हणून जागेवर फोड, जखम किंवा पू दिसताच सरकारी दवाखाना गाठावा. उपचार नवरा-बायको दोघांनीही घ्यावेत.

लागण झालीच, तरी आयुष्य संपत नाही. २०११ साली, पुण्याचाही सहभाग असलेल्या जागतिक अभ्यासात दिसले, की औषधे लवकर सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. ही औषधे सरकार २००४ पासून मोफत देते. संमतीशिवाय तपासणी करू नये, नाव गुप्त ठेवावे, असा २०१७ चा कायदा सांगतो. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

रविवारी वंदनेनंतर विहारात ही माहिती मोठ्याने वाचावी; पुरुषांनीही बसावे. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. त्यांच्या अनुयायांनी आजारी सुनेला दोष देऊन माहेरी धाडू नये.