सदाफुलीचे औषध आणि मुलांची पावले

श्रोतेहो, आपल्या अंगणात सदाफुली असेलच. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत आणि बाराही महिने ती फुलते. तिच्या पानांतून व्हिनक्रिस्टीन नावाचे औषध काढतात. अमेरिकेत १९६३ साली त्याला मान्यता मिळाली, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते आजही शिरेतून देतात. (म्हणून घरी सदाफुलीचा काढा करून कुणाला पाजू नका, बरं का! तो विषारी आहे.)

पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नळ्या तयार होतात. हे औषध त्या होऊ देत नाही, त्यामुळे कर्करोगाची पेशी वाढू शकत नाही. पण तशाच नळ्या मज्जातंतूंतही असतात आणि त्यांच्याच आधाराने तंतूच्या टोकापर्यंत रसद पोचते. पाट फुटला की आधी टोकाचा वाफा सुकतो ना? तसेच येथे होते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून आधी पावले दुबळी होतात. चवडा उचलत नाही, पाऊल थापकन पडते, मूल उंबऱ्याला अडखळते. सदऱ्याचे बटण लागत नाही. कधी जबडा दुखतो, पोट साफ होत नाही.

लहान मुलाला हे सांगता येत नाही. घरचे म्हणतात, पोर आळशी झालं. शाळेत म्हणतात, अक्षर बिघडलं. असे दिसताच डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करायची की नाही ते तेच ठरवतील. आपण होऊन एकही पाळी चुकवू नका.

औषध संपल्यावर बहुतेक मुलांचे तंतू सुधारतात, पण त्याला महिने लागतात. मधल्या काळात लोंबता चवडा तसाच राहिला तर पोटरी आखडते, घोटा ताठरतो, आणि मग तंतू सुधारला तरी पाऊल वर येत नाही. व्यायाम आहे तो यासाठी. त्याने मज्जातंतू बरा होतो असे मी म्हणणार नाही. सांधा मात्र मोकळा राहतो.

मुलाला पाय लांब करून बसवा. चवड्याला पंचा अडकवून दोन्ही टोके त्याच्याच हाती द्या आणि हळूहळू ओढून अर्धा मिनिट धरू द्या. टाचांवर चालणे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, हेही चांगले. लहानग्यांना त्याचा खेळ वाटतो. मात्र आधी रुग्णालयातील व्यायामतज्ज्ञांकडून शिकून घ्या. ते पावलाला स्प्लिंट देतील तर ती सांगितल्याप्रमाणे वापरा. ताप असताना व्यायाम नको. रक्तातील बिंबाणू कमी असताना जोराचे मालीश नको, नाहीतर आत रक्त साकळते. सुया टोचण्याच्या उपचाराला मुलांपुरता पुरावा तोकडा आहे, आणि पांढऱ्या पेशी कमी असल्या तर सुईतून जंतू शिरण्याचे भय. डॉक्टरांना विचारल्यावाचून तिकडे जाऊ नका.

बधिर पायाला काटा कळत नाही, चटकाही कळत नाही. मागे पट्टा असलेली वहाण घाला, रोज रात्री तळवे पाहा, आणि अंघोळीचे पाणी मोठ्या माणसाने कोपर बुडवून तपासावे.

गुरुजी, असे मूल वर्गात परत आले की त्याची पेन्सिल चिंधी गुंडाळून जाड करा आणि लिहायला वेळ जास्त द्या. वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली आणता आला तर आणा. शर्यतीत पळवू नका. पण कोपऱ्यात बसवूनही ठेवू नका. खडू आणणे, फळा पुसणे, अशी उठबस त्याच्याकडे असू द्या.