परदेशी एमबीबीएसची पावती फाडण्याआधी

प्रवेशफेऱ्यांचा हंगाम आला की आमच्याकडे ताप-खोकल्याचे कमी आणि 'नीट'चे लोक जास्त येतात. यंदा रविवारची वंदना झाल्यावर विहारात एक माय थांबली. ती एका दवाखान्यात आया म्हणून काम करते, घरधनी ऑटो चालवतात. मुलीने दुसऱ्यांदा नीट दिली, पात्रही ठरली, पण दोन फेऱ्यांच्या यादीत नाव आले नाही. मायच्या हातात रंगीत माहितीपत्रक होते, त्यावर बर्फातली एक मोठी इमारत. म्हणाली, "भाऊ, प्लॉट इकला तर पोरगी डॉक्टर होते म्हणते तो माणूस. इकू का?"

तो माणूस म्हणजे एजंट. निकाल लागला की हे लोक वस्त्यांत फिरतात. बोलता बोलता त्याने हेही ऐकवले होते, "तुमचे बाबासाहेब परदेशातच शिकले ना?" शिकले. पण १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, परत येऊन दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा गेले ते प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेला पैसा आणि मित्राकडून घेतलेले कर्ज जमवून. पैशाचा हिशेब त्यांनाही चुकला नाही. एजंट हे सांगत नाही.

आम्ही मुलीला बोलावले आणि आधी घरचाच कागद पाहिला. कॅपच्या अर्जात तिने फक्त शासकीय महाविद्यालये भरली होती. का? तर बाबा म्हणाले, खाजगीची फी आपल्याच्याने होणार नाही. ही चूक आम्ही दरवर्षी पाहतो. राज्याच्या कॅप फेरीतून खाजगी महाविद्यालयात अनुसूचित जातीच्या जागेवर प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सामाजिक न्याय विभाग भरतो. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. अर्ज महाडीबीटीवर. त्याच महाविद्यालयाच्या इन्स्टिट्यूट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र हे लागू नाही. अभिमत विद्यापीठांत तर जातीचे आरक्षणच नाही, आणि तिथली फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर आहे. खाजगीत वसतिगृह, मेस, अनामत हा खर्च आपल्याच अंगावर पडतो, हे लपवायचे कारण नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. त्यात सगळे भागत नाही, पण प्लॉट विकावा लागत नाही.

कागदांचेही एक सांगतो. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यामुळे अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांवरही आपला हक्क आहे, पण तिथे केंद्राच्या नमुन्यातले जातप्रमाणपत्र लागते. राज्यात जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते बारावीच्या वर्षीच काढून ठेवा. पोरीचे गुण पुरले आणि बापाचा कागद पुरला नाही, असे घडले की फार लागते.

आता परदेश. सीमा ओलांडली की आपले आरक्षण, फ्रीशिप, स्वाधार सगळे मागे राहते. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, बारावीनंतरच्या एमबीबीएसला नाहीत. म्हणजे तिथे आपण पूर्ण पैसे मोजणारे गिऱ्हाईक. महात्मा फुले महामंडळाकडे किंवा बँकेकडे शैक्षणिक कर्ज मागता येते, पण ते फेडायचे असते, आणि डॉक्टरकीची कमाई सुरू कधी होणार हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केले. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमातून हवा, त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी, आणि त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकासारखी प्रॅक्टिस करता आली पाहिजे. मधेच कॉलेज बदलले तर अडचण. नीट पात्रता लागतेच. "नीटशिवाय पाठवतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. परतल्यावर एफएमजीई परीक्षा: ३०० प्रश्न, १५० उत्तीर्ण गुण, वर्षातून दोनदा. अलीकडच्या सत्रांत शंभरातले वीस-पंचवीसच्या आसपास पास होत आले आहेत. पास झाल्यावर भारतात पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप, आणि त्या जागाही मोजक्याच.

आमच्या ओळखीचा एक मुलगा सहा वर्षे बाहेर शिकून आला. वर्गात इंग्रजी होते, पण वॉर्डात पेशंट रशियन बोलायचे, त्यामुळे हाताने शिकायचे ते कमी शिकला. चार वेळा परीक्षा दिली. मधल्या काळात एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळीला राबला, नोंदणी नसताना, अर्ध्या पगारावर. तो गुन्हा आहे हे त्याला माहीत होते. पाचव्यांदा पास झाला. आज चांगला डॉक्टर आहे. "हुशारी कमी नव्हती, पण आईचे दागिने सोडवायला अकरा वर्षे लागली," असे तोच सांगतो. युक्रेनमधली मुले फेब्रुवारी २०२२ मध्ये पुस्तके टाकून पळत आली, तेही आपण पाहिले. तरीही आम्ही जाऊच नका म्हणत नाही. ज्याचे इंग्रजी बरे आहे, सहा वर्षांचा पैसा घर न विकता उभा राहतो, ज्याने त्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांशी एजंटाला बाजूला ठेवून बोलून घेतले आहे, त्याने जावे.

एमबीबीएसखेरीज नीटवरच बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा अर्ज आधीच भरावा लागतो, नंतर हळहळून उपयोग नाही. या मुलांना 'उरलेले' म्हणणाऱ्या मामा-काकांना आम्ही विचारतो, ऑपरेशननंतर तुम्हाला उभे कोणी केले होते? तिसऱ्यांदा नीट देण्यालाही मनाई नाही. पण तो निर्णय पोरीचा असू द्या.

कारण हे आरोग्याचे पान आहे, आणि या हंगामात आम्हाला खरी काळजी वाटते ती मुलांच्या जेवणाची आणि झोपेची. ही मुलगी यादी लागल्यापासून एकवेळ जेवत होती, मैत्रिणींचे फोन घेत नव्हती. असे दोन आठवड्यांच्या वर चालले, किंवा "माझ्यामुळे घर बुडाले" असे मूल बोलू लागले, तर 'अभ्यास कर' म्हणू नका. जवळ बसा, एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. फोन आईबापांनीही केला तरी चालतो.

त्या दिवशी विहारातच, मोबाईलवर, मुलीने तिसऱ्या फेरीचा पसंतीक्रम नव्याने भरला. खाजगी महाविद्यालये टाकली, खाली बीएएमएस आणि फिजिओथेरपीचे अर्जही तपासले. बाबा ऑटो बाहेर लावून दारात उभे होते, प्रत्येक नावाला "हे किती लांब?" विचारत. हा मजकूर छापायला जाईपर्यंत यादी लागलेली नाही. प्लॉटचे कागद मायने पुन्हा पेटीत ठेवले आहेत.