पगाराचा दिवस

पहाटे 5.15

जाग येते तेव्हा खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर अजून काळाच दिसतो. उठल्या उठल्या एकच गोष्ट ठरवायची, आज घ्यायची नाही. उद्याचं उद्या. नऊ वर्षं रोज हे नव्यानं ठरवतो आहे. आज 10 तारीख, पगाराचा दिवस, म्हणून जरा जास्त बजावून.

चहाचा कप उचलला की हाताकडे लक्ष जातंच. एके काळी हा कप बशीवर वाजायचा. थरथर थांबावी म्हणून सकाळीच थोडी पोटात ढकलावी लागायची, आणि लोकांना वाटायचं, हा चैन करतोय.

नाव सांगत नाही, आमच्यात ती रीत आहे. गोखिवऱ्यात राहतो आणि इथल्याच एका गाळ्यात प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशीनवर काम करतो.

7.30

गाळा चालत दहा मिनिटांवर आहे. मी वीस मिनिटांचा रस्ता धरतो, कारण जवळच्या रस्त्यावर देशीचं दुकान लागतं. मुलगा म्हणतो, "बाबा, एवढी वर्षं झाली, आता कशाला वळसा?" पायांना जुनी सवय असते. त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही.

11.10

अनोळखी नंबर. "भाऊ, शेजारच्या वहिनींनी तुमचा नंबर दिला." बाई दबक्या आवाजात बोलत होती. नवऱ्यानं परवापासून घेतलेली नाही. घरच्यांनी शपथ घालून खोलीत कोंडलाय. काल हात थरथरत होते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज अंगाला घामाच्या धारा, भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून झटकतोय, वारलेल्या भावाशी बोलतोय. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, भगताला बोलवा.

मशीन जोडीदाराच्या हवाली केलं आणि बाहेर आलो. "ताई, बाहेरचं काही नाही. आत्ता रिक्षा करा आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या. तिथं पहिलं हेच सांगा की रोज पिणारा माणूस आहे आणि दोन दिवस बंद आहे. लाजून लपवू नका."

हे मला गल्लोगल्ली ओरडून सांगावंसं वाटतं. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकलेला असतो. दारू एकदम तोडली की दाब जातो, जोर तसाच राहतो. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि 48 ते 72 तासांच्या सुमारास असे भास. त्यात माणूस दगावतो. रुग्णालयात मेंदू शांत करणारी औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करतात. बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं. रोज पिणाऱ्यानं दारू सोडायची ती डॉक्टरला विचारून.

माझ्याही खोलीला बाहेरून कडी होती. मला फिट आली तेव्हा ती उघडली.

1.00

डबा उघडतोय तोच बाईचा फोन, दाखल करून घेतलं. मग जेवण गेलं.

जोडीदार पंचविशीचा आहे. म्हणाला, "काका, लोकलच्या डब्यात स्टिकर असतात ना, न कळत दारू सोडवा म्हणून. ती पुडी जेवणात घातली असती तर?" त्याला समजावलं. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्यानं वर दारू प्यायली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणार, आणि जीव जाऊ शकतो. त्या पुड्यांत काय असतं हे तर पाकिटावरही धड लिहिलेलं नसतं. न कळत कुणाची दारू सुटलेली मी पाहिलेली नाही. ज्यांची सुटली त्यांना प्रत्येक दिवस कळत होता.

4.30

मोबाइल वाजला, पगार जमा. लगेच दोघंतिघं जवळ आले. "आज बसायचं ना?" बसणं या साध्या शब्दाचा हा अर्थ आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. "नाही रे, मी सोडलीय," एवढंच म्हणतो. पोट बिघडलंय, उपास आहे, असली कारणं सुरुवातीला द्यायचो. ती दुसऱ्या दिवशी संपतात.

साडेचार ते सात हे माझे वैऱ्याचे तास. म्हणून आधी दोन वडापाव खातो. रिकाम्या पोटी तलफ फार उठते. राग, थकवा, एकटेपणा यांचंही तसंच.

5.40

रुग्णालय. तो झोपला होता, हाताला सलाइन. बाईनं विचारलं, "आता सुटेल ना?" खोटा धीर दिला नाही. शरीरातून उतरेल, पुढचं काम त्यानंतर. राहून उपचार घ्यायचे तर पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये ते उभं केलं आणि पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला मोठा आधार दिला. त्याहून जवळ म्हणजे कृपा फाउंडेशन. फादर ज्यो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्याला सुरू केलं, वसईतही त्याचं केंद्र आहे. फादर स्वतः या आजारातून बाहेर आलेले, बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथं उपचारात योगासनंही असतात.

मग तिला तिच्याबद्दल विचारलं. ती गप्प झाली, आणि रडली. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात. माझी बायको तिथं माझ्याआधी जायला लागली होती. माझ्या पिण्याला तीच कारण आहे असं मी तिच्या मनात भरवलं होतं, ते तिथं उतरलं. तिचा नंबर या ताईंना दिला.

7.30

शाळेच्या एका वर्गात आमची मिटिंग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आम्ही ए.ए. म्हणतो. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. एकट्यानं सोडणं दोघांनाही जमत नव्हतं. एकमेकांशी बोलून जमलं. 1957 मध्ये हे आपल्याकडे आलं. फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं.

आज बाकावर अकरा जण. एक जण चार महिन्यांनी घसरून परत आलेला. मान खाली घालून म्हणाला, "पुन्हा पहिला दिवस." कुणी उपदेश केला नाही. शेजारच्यानं चहा पुढे केला. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, परत येणाऱ्याला मी मानतो.

माणसं फार थोडी येतात याचंच वाईट वाटतं. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूच्या विळख्यात अडकलेल्या 38 जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात नोंदलं आहे. उरलेल्या 37 जणांच्या घरी आज पगाराची संध्याकाळ कशी जाते, हे मला माहीत आहे.

10.15

जेवण झालं. फोन उशाशी, आवाज चालू.

तुमच्या घरी हा आजार असेल तर 14446 हा सरकारचा नशामुक्तीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. मन फारच खचलं असेल तर 14416, टेली मानस, तिथं मराठीत बोलता येतं. आणि मिटिंगला या. त्या दिवशी प्यायलेले असलात तरी मागच्या बाकावर बसून ऐका. मी पहिल्यांदा तसाच गेलो होतो.