अंगणात उतरविलेले इंजिन

मोटारीचे इंजिन गाडीबाहेर काढणे हे कारखान्यातील कसबी कारागिराचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ज्या गाडीचे उत्पादन थांबून अर्धशतक लोटले आहे, जिचे जाणकार मिस्त्री एकेक करून काळाआड गेले आहेत, तिच्या मालकाला हे काम कधी ना कधी स्वतःच्या अंगणात करावे लागते. ते प्रथमच करणाऱ्याला बळापेक्षा दोन गोष्टींची गरज अधिक असते: स्मरणाची आणि टांगलेल्या वजनाविषयीच्या धाकाची.

उदाहरणासाठी स्टँडर्ड हेराल्ड घेऊ. १९५९ मध्ये इंग्लंडात अवतरलेली ही मोटार १९६१ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली. १९६२ मध्ये हिचाच सांगाडा आखूड करून आणि हिच्याच इंजिनाची मोठी आवृत्ती बसवून ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लंडातील स्पोर्ट्स मोटार तयार झाली. त्यामुळे एकीचे इंजिन उतरविण्यास शिकलेला मनुष्य दुसरीपुढे अडत नाही. दोहोंचे बॉनेट पुढील चाकांवरच्या पंखांसह अखंड असते आणि पुढच्या बाजूस उलटते. ते उघडले की इंजिन तिन्ही बाजूंनी हाताशी येते. नवशिक्याला यापेक्षा सोयीची गाडी क्वचितच लाभेल.

आपण कल्पना करू की ही गाडी झाशीतील एका जुन्या घराच्या चौकात उभी आहे. नारो शंकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे ज्या शहरात नांदली, तेथील हा चौक फरसबंद आहे, आणि सभोवतालच्या खोल्यांवर बुंदेलखंडी पद्धतीची दगडी पट्ट्यांची छपरे आहेत. कामाची वेळ पहाटेची असावी. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अशा उष्म्यात पेट्रोलची वाफ झपाट्याने पसरते.

आरंभ बॅटरीपासून करावा. जे टोक गाडीच्या सांगाड्याशी जोडलेले असते, ते प्रथम सोडवावे. कारण दुसरे टोक आधी सोडविताना पाना सांगाड्याला टेकला, तर त्याच्यातूनच विजेचा प्रवाह वाहू लागतो आणि ठिणग्या उडतात. मग थंड झालेल्या रेडिएटरमधील पाणी व इंजिनातील वंगणतेल काढून घ्यावे. पेट्रोलची नळी पंपापासून सोडविताच तिच्या तोंडात बूच मारावे, अन्यथा मागील टाकीतील पेट्रोल नळीवाटे ठिबकत राहण्याचा संभव असतो.

येथून पुढे कामाला खरा वेळ लागतो. रेडिएटर, रबरी नळ्या, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या तारा, डायनॅमो, स्टार्टर व कॉइल यांच्या विजेच्या जोडण्या हे सर्व एकामागून एक सुटत जाते. सोडविणे सोपे असते. काही आठवड्यांनी कोणती तार कोठे होती हे आठवणे कठीण. म्हणून प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, वहीत साधी आकृती काढावी, आणि प्रत्येक ठिकाणचे नटबोल्ट वेगळ्या डबीत ठेवावेत. जो बोल्ट पुन्हा त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवता येतो, त्याला डबीचीही गरज नाही. धुराड्याच्या नळीचे नट बहुधा गंजलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री पातळ तेल सोडावे. बळजबरी केल्यास मूळ खुंटीच तुटते, आणि मग तासाभराचे काम दिवसभराचे होते.

नवशिक्याच्या हातून हमखास विसरली जाते ती इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी विणलेली तांब्याची पट्टी. इंजिन वर उचलूनही येत नाही, तेव्हा साखळी अधिक ओढू नये. थांबावे आणि काय सोडवायचे राहिले ते शोधावे.

आता प्रश्न उरतो उचलण्याचा. हे छोटे ओतीव लोखंडी इंजिनही शंभर किलोहून जड असते. चौकातील लिंबाची फांदी यासाठी मोहात पाडते. पण आतून पोखरलेली फांदी बाहेरून हिरवीच दिसते. छपराच्या दगडी पट्टीवर तर मुळीच विसंबू नये. दगड दाबाखाली अत्यंत बळकट असतो, पण वाकविणाऱ्या भारापुढे दुबळा. पट्टीच्या मध्यावर वजन टांगले की तिच्या खालच्या अंगावर ताण पडतो आणि ती पूर्वसूचना न देता तडकते. लोखंडी नळांची भक्कम तिकाटी आणि वजनक्षमता कोरलेली साखळीची कप्पी भाड्याने आणणे हाच शहाणपणाचा मार्ग. तिकाटीचे पाय फरशीवर निसटू नयेत म्हणून ते साखळीने परस्परांशी बांधावेत.

इंजिनाला साखळी दोन ठिकाणी अडकविली जाते. तिच्या दोन फाट्यांमधील कोन जितका रुंद, तितका ताण अधिक. कोन ९० अंशांचा असेल तर प्रत्येक फाट्यावर वजनाच्या सुमारे ७० टक्के ताण येतो. १२० अंशांचा झाला की प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका. म्हणून फाटे पुरेसे लांब ठेवावेत.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. गिअरपेटी गाडीतच राहणार असल्याने तिच्याखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्यावा. मग गिअरपेटी व इंजिन यांना जोडणारे बोल्ट आणि इंजिनाच्या रबरी बैठकांचे बोल्ट काढावेत. गिअरपेटीतून आलेला दांडा क्लचच्या तबकडीतून आरपार गेलेला असतो. तो पूर्णपणे बाहेर येईपर्यंत इंजिन वर नव्हे, तर सरळ पुढे सरकले पाहिजे. ही सरळ रेषा सोडून घाईने इंजिन उचलले, तर त्याचा सारा भार त्या दांड्यावर पडतो. दांडा वाकतो किंवा तबकडीचा मध्य बिघडतो, आणि ही हानी इंजिन पुन्हा बसविल्यावरच उमगते. एकाने साखळी ओढावी, दुसऱ्याने इंजिन हाताने सावरावे. दांडा सुटल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच इंजिन वर घ्यावे.

झाशीत रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करणारा कारखाना १८९५ पासून आहे. वाघिणीचे धूड चाकांवरून उचलणे हे तेथील नित्याचे काम. अशा कारखान्यातील यारीखाली आणि आपल्या चौकातील तिकाटीखाली नियम एकच: टांगलेल्या वजनाखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. निसटलेला बोल्ट खाली घरंगळला असेल, तर तो इंजिन जमिनीवर आल्यानंतरही तेथेच सापडेल.

इंजिन वर आले की त्याच्याखाली जाण्याऐवजी गाडीच मागे ढकलावी, आणि जुन्या टायरवर इंजिन हळूच टेकवावे. आता क्लचची तबकडी, दातेरी चक्र, तेलगळतीच्या जागा हे सारे उजेडात दिसते. परंतु काम फत्ते झाले असे मानू नये. इंजिन खरोखर नीट उतरविले होते की नाही, हे ते पुन्हा बसवून चालू झाले आणि डबीत एकही नट उरला नाही, तेव्हाच ठरते.