माती, कोंडा, गेरू आणि नीळ
अजिंठ्याच्या भिंतीपासून आपल्या विहारातील कार्यशाळेपर्यंत



मोठ्या शहरांतल्या चित्रप्रदर्शनांत चित्राखालच्या पाटीवर ‘मिश्र माध्यम’ हे दोन शब्द वारंवार वाचायला मिळतात. जलरंग किंवा तैलरंग असे एकच एक साधन न वापरता कागद, कापड, माती, सुतळी, पत्रा, छायाचित्र असे निरनिराळे पदार्थ एकाच कलाकृतीत बसवले, म्हणजे ती कृती मिश्र माध्यमाची झाली. युरोपात १९१२ साली पिकासो या चित्रकाराने वेताच्या विणीची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर चिकटवला आणि चौकटीच्या जागी भोवती दोर गुंडाळला. तेव्हापासून या प्रकाराची तिकडे फार चर्चा झाली. ‘कोलाज’ हा शब्दही तिकडचाच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चिकटवणे.

हे ऐकले की आपल्याकडचे पुष्कळ आईबाप म्हणतात, ‘ही पैसेवाल्यांची हौस. आमच्या पोराला साधी रंगपेटी घ्यायची तर आठवड्याच्या बाजाराचा हिशेब पाहावा लागतो.’ अडचण खरी आहे. पण सिल्लोड तालुक्यातल्या माणसाने तरी या कलेला परकी म्हणू नये. सिल्लोडहून गोळेगाव, अजिंठा गाव आणि पुढे घाट उतरला की तासाभरात लेण्यांचा फाटा येतो. तेथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी माती, कोंडा, झाडाचे तंतू, चुना, दगडाची पूड आणि चिकट सरस एकत्र करून माणसांनी ज्या भिंती रंगवल्या, त्या पाहायला जग येते. १९८३ सालापासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. मिश्र माध्यमाची याहून मोठी शाळा कोठे शोधायची?

भिंत कशी तयार झाली

अजिंठ्यातील ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहे सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीची. ज्या चित्रांसाठी अजिंठा ओळखला जातो ती १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांतील चित्रे मात्र इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली आहेत.

आधी काळ्या पाषाणाची भिंत छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवली गेली, म्हणजे गिलावा धरून राहील. त्यावर जाड्या मातीचा थर दिला. या मातीत भाताचा कोंडा, गवत, झाडाचे तंतू आणि दगडाची बारीक कच कालवलेली होती. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर आणि त्यावर पांढरा पातळ हात. या पांढऱ्या जमिनीवर गेरूने रेखाटन केले, मग रंग भरले आणि शेवटी गडद रेषेने आकार पुन्हा उठावदार केले.

रंग बहुतेक जवळपासचे. तांबडा गेरूचा, पिवळा पिवडीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा व पांढऱ्या मातीचा, आणि हिरवा येथल्याच खडकात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. इटलीतल्या भित्तिचित्रांत रंग ओल्या चुन्यावर लावतात आणि चुना वाळताना तोच रंगाला धरून ठेवतो. अजिंठ्याची पद्धत वेगळी. येथे वाळलेल्या जमिनीवर सरसासारखा चिकट पदार्थ मिसळून रंग लावला. म्हणजे चित्राचा सगळा टिकाव थरांच्या आपसातल्या मेळावर अवलंबून राहिला.

हे शास्त्र आपल्या घरातले

आता आपल्या आजीने, आईने मातीची भिंत कशी लिंपली ते आठवून पाहा. नुसता चिखल लावला तर वाळताना तडकतो, म्हणून त्यात भुसा किंवा कोंडा घालायचा. गिलावा वाळल्यावर पांढऱ्या मातीने पोतारायचे आणि खाली गेरूचा पट्टा ओढायचा. माती वाळताना आकसते आणि तिच्यातला धागा ती ताणलेली जागा बांधून ठेवतो. भेग न पडण्याचे कारण एवढेच. अजिंठ्याच्या कारागिराला हे ठाऊक होते आणि आपल्या बायाबापड्यांनाही ठाऊक होते. फरक असा की एकाला जगाने कला म्हटले आणि दुसऱ्याची गणती घरकामात किंवा मजुरीत केली.

गोधडीचेही तसेच. जुन्या लुगड्याचे, सदऱ्याचे तुकडे रंग पाहून जुळवायचे, थरावर थर ठेवायचे आणि धाग्याने बांधायचे. याला कोलाजच म्हणतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बांबू, गोणपाट, पुठ्ठा आणि रंग घेऊन रात्र-रात्र देखावा उभारणारी वस्तीतली पोरेही मिश्र माध्यमातच काम करीत असतात. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

निळ्या रंगाची कथा

अजिंठ्याच्या रंगांत एकच रंग दूरचा होता, तो म्हणजे निळा. हा निळा लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाच्या पुडीचा. हा दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर येई. युरोपातही तो इतका महाग होता की चित्रकार जपून जपून वापरीत. पुढे १८२० ते १८३० या दशकात फ्रान्स आणि जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी तोच पदार्थ भट्टीत तयार केला. त्याला अल्ट्रामरीन म्हणतात. कपड्यांना देण्यासाठी पुडीत मिळणारी पारंपरिक कोरडी नीळ ती हीच. राजेरजवाड्यांना परवडणारा अजिंठ्याचा निळा आज किराणा दुकानात थोड्या पैशांत मिळतो. ती पूड घोटून डिंकाच्या पाण्यात कालवली की उत्तम चित्ररंग होतो. बाटलीतली पातळ नीळ मात्र वेगळी. तो रासायनिक रंग असतो आणि उन्हात उडतो. हळदीचा पिवळाही असाच उडून जातो. म्हणून पिवळ्यासाठी पिवडीच घ्यावी. खनिज रंग टिकतात हे अजिंठ्याने सिद्ध केले आहे.

जोडणे शिकायला हवे

मिश्र माध्यम म्हणजे वाटेल ते वाटेल तेथे चिकटवणे, असा गैरसमज होऊ देऊ नये. वरचा थर खालच्या थराला मानवतो की नाही, हे पाहणे हीच यातली खरी विद्या. ती न पाळल्यास काय होते, तेही अजिंठ्यातच दिसते.

ब्रिटिश सैन्यातील जॉन स्मिथने १८१९ साली ही लेणी पाहिल्यावर त्यांचा बोलबाला झाला. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. आजच्या भाषेत ती सामूहिक कार्यशाळाच होती. त्यांच्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सय्यद अहमद असे तरुण चित्रकार येथे नकला करायला आले. या भिंतींसमोर बसून अनेक पिढ्यांचा हात तयार झाला.

पण या काळात एक नुकसानही झाले. चित्रे नकलेसाठी स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश चढवले गेले. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, तेव्हा लाखेचा हात दिला. काही काळ चित्रे चकाकली. मग तो थर पिवळा-काळा पडला, त्यावर धूळ बसली आणि खालचे रंग झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर अत्यंत जपून उतरवावा लागला.

दुसरा धडा वेरूळचा. अजिंठ्याच्या गिलाव्यातील कोंडा व तंतू किडींनी खाल्ले आणि चित्रांचे मोठे नुकसान झाले. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आणि तेथे किडीचा उपद्रव कमी दिसला. हे संशोधन पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. मातीत कोणता धागा घातला, एवढ्यावर चित्राचे आयुष्य ठरू शकते.

विहारात कार्यशाळा कशी घ्यावी

रविवारी धम्मवर्गानंतर दोन-तीन तास विहारातच आठ-दहा मुलामुलींची कार्यशाळा घेता येते. साहित्य असे : जुन्या खोक्याची फळी किंवा जाड प्लाय, गोणपाट, चाळलेली माती, कोंडा किंवा बारीक भुसा, सुतळीचे बोटभर तुकडे, खडूची पूड, गेरू, पिवडी, दिव्याची काजळी, कोरडी नीळ, बाभळीचा डिंक आणि थोडे फेव्हिकॉल. लहान मुलांच्या हाती कळीचा चुना देऊ नये. डोळ्यांना इजा होते. खडूची पूड पुरते.

पहिला रविवार : फळीवर फेव्हिकॉलने गोणपाट ताणून चिकटवावे. अजिंठ्यात खडबडीत दगडाने जे काम केले ते येथे गोणपाट करते. तीन वाट्या माती, एक वाटी कोंडा आणि मूठभर सुतळीचे तुकडे डिंकाच्या पाण्यात मळून रात्रभर मुरू द्यावेत. दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराहून पातळ थर द्यावा आणि फळी सावलीत वाळवावी. उन्हात ठेवल्यास हमखास तडकेल. भेगा पडल्याच तर पुढच्या खेपेस धागा वाढवावा.

दुसरा रविवार : बारीक मातीचा पातळ हात द्यावा. कापडाचे तुकडे बसवायचे असल्यास ते याच ओल्या थरात दाबावेत. वाळल्यावर खडूची पूड व डिंक यांचा पांढरा हात द्यावा.

तिसरा रविवार : गेरूने रेखाटन, मग रंग. शेवटी काजळीने रेषा. वर्तमानपत्राचे कात्रण, छायाचित्र, जुन्या वहीचे पान चिकटवायचे तर ते रंग पूर्ण वाळल्यावर. ओल्या मातीवर कागद सुरकुततो आणि त्याला बुरशी धरते.

कामांची वाटणी दर आठवड्याला बदलावी. मुलींनी माती चाळायची आणि मुलांनी चित्र काढायचे, असे होऊ देऊ नये. वस्तीतल्या गवंडी काकांना आणि गोधड्या शिवणाऱ्या मावशींना शिकवायला बोलवावे. थर सारखा कसा ओढायचा आणि तुकडा तुकड्याला कसा जुळवायचा, हे त्यांच्याइतके पुस्तकाला सांगता येणार नाही. आपल्या आईला वर्गापुढे शिकवताना पाहिलेले मूल हातकामाकडे निराळ्या नजरेने पाहील.

जमल्यास एकदा सर्वांनी लेणी पाहून यावीत. सोमवारी ती बंद असतात. १७ क्रमांकाच्या लेण्यात तथागतांसमोर उभे यशोधरा आणि राहुल आहेत, छद्दंत हत्तीची जातककथा आहे. चित्रांबरोबरच गिलावा निखळलेल्या जागांच्या कडाही दुरून नीट पाहाव्यात. दगड, जाडी माती, बारीक माती, रंग असे थर तेथे स्पष्ट दिसतात. हात लावू नये, फ्लॅश टाकू नये.

पुढची वाट

या वाटेने आपली माणसे दूरवर गेली आहेत. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी मनुस्मृतीच्या पानांचा लगदा करून त्यातून कलाकृती घडवल्या. कोल्हापूरकडचे प्रभाकर कांबळे यांनी मातीची मडकी एकावर एक रचून ‘उतरंड’ उभी केली आणि जातीची चढण डोळ्यांसमोर आणली. त्यांचे काम २०२२ साली बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होते. मडके आणि कागदाचा लगदा, म्हणजे आपल्या घरातल्याच वस्तू. सांगण्यासारखे काही असले की त्या बोलू लागतात.

ज्या मुलांना गोडी लागेल त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा जरूर द्याव्यात. छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) शासनाचे कला महाविद्यालय आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी एक सूचना. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव या प्रधानाचे नाव कोरलेले आहे, २६ व्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचे नाव आहे. माती मळणाऱ्यांची, गेरू घोटणाऱ्यांची, यशोधरेचे डोळे रेखणाऱ्यांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. येत्या वैशाख पौर्णिमेला तुमच्या विहारात मुलांचे चित्र लागेल, तेव्हा त्याखाली ज्याने माती चाळली त्याच्यापासून ज्याने शेवटची रेषा ओढली त्याच्यापर्यंत सर्वांची नावे लिहावीत. गवंडी काकांचे आणि गोधडीवाल्या मावशींचे नाव त्यात विसरू नये.