‘मला काही नको’ म्हणण्याआधी

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर पुकाऱ्याची वाट बघत बसलेल्या बाईच्या पिशवीत बहुधा एक फाइल असते. लग्नपत्रिका, लग्नातले दोन फोटो, पोलीस ठाण्यातल्या एनसीची प्रत, रुग्णालयाचा केसपेपर. त्या केसपेपरवर पुष्कळदा ‘घरात पडून इजा’ एवढंच असतं, कारण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नवरा शेजारीच उभा होता.

वकीलबाई मारहाणीच्या तारखा लिहून घेतात आणि मग स्त्रीधनाची यादी मागतात. माहेरचं काय, सासरचं काय, कुणी दिलं, आता कुणाच्या ताब्यात आहे. गंठण, पाटल्या, मामाने दिलेलं कपाट, आहेराची भांडी. पाचव्या-सहाव्या वस्तूशी बाई थांबते. “मॅडम, मला काही नको. फक्त मोकळी करा.”

मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईच्या तोंडी हे येणारच. पण तडजोडीत तिचं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ ही अट त्यातूनच कागदावर शिरते. मग घरभाडं आणि पोराची फी तिच्या एकटीवर. आणि स्त्रीधन मागण्यात लाज कसली? ते तिच्या मालकीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलं आहे.

घटस्फोटाचा अर्ज केलेला नसला तरी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. नवऱ्याला जवळ फिरकायला मनाई, राहायला जागा, मुलाचा तात्पुरता ताबा, खर्चाला पैसे, हे सारं एका अर्जात मागता येतं. साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. तारखा मात्र पडतच राहतात.

नागपूरच्या एका प्रकरणात सासर सोडलेल्या बाईने २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी पोटगी मागितली. २०१५ मध्ये कौटुंबिक न्यायालयाने तिला महिना १५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली, मुलाची वेगळी. नवरा वरच्या कोर्टांत जात राहिला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशावर शिक्कामोर्तब केलं, आणि देशभरासाठी दोन गोष्टी ठरवून दिल्या: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं शपथपत्र करायचं. ‘धंदा बसलाय’ म्हणणाऱ्या नवऱ्याचं हे शपथपत्र बाईने स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचावं. गाडी कुणाच्या नावावर, विम्याचा हप्ता कोण भरतं, हे वकिलापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं.

हिंदू विवाह कायद्याखालच्या संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि शेवटचा जबाब यांत निदान सहा महिन्यांचं अंतर असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर योग्य प्रकरणी न्यायाधीश ते माफ करू शकतात. शेवटच्या जबाबापर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून जाणते वकील रक्कम टप्प्यांत बांधतात आणि शेवटच्या सहीच्या दिवशी उरलेल्या रकमेचा डीडी हातात घेतात. फीची धास्ती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

अटी टाइप होऊन आल्या की सोन्याच्या ओळींखाली आणखी एक ओळ घालून घ्यावी: तिचं दहावीचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला. सासरच्या कपाटात हेही अडकलेलं असतं, आणि नोकरीच्या अर्जाला किंवा शाळेच्या प्रवेशाला पाटल्यांआधी तेच लागतं.